उंच चाकांची गाडी

बोरी शिवार, आपला शेतावरचा आखाडा
ता. जिंतूर, जि. परभणी
दि. ८ ऑक्टोबर १९७६

सौ. मनकर्णा हिस,

मामा-मामींना माझा नमस्कार सांग. इकडं आम्ही सगळे बरे आहोत, तूही गंगाखेडला माहेरच्या माणसांत बरी असशील असं धरून चालतो. तुझा भाऊ बन्सीधर परवा परभणीच्या मोंढ्यात भेटला. म्हणाला, ताई आता घरातल्या घरात हिंडते, दोन घास जेवते. ऐकून जिवाला बरं वाटलं. तो माझ्याशी फार बोलला नाही, घाईत असावा.

इकडच्या हकीकती सांगतो. कापसाची बोंडं फुटायला लागली आहेत. ज्वारीची पेरणी बरीचशी उरकली. पार्वतीकाकूच्या गुडघ्यांचं दुखणं आहे तसंच आहे. काळी म्हैस व्याली. मायनं खरवस केला आणि म्हणाली, मनकर्णाला लय आवडतो. हे मी लिहायला नको होतं, पण शाईचं लिहिलेलं खोडलं तर कागद वाईट दिसतो, म्हणून राहू देतो.

गाडी जोरात चालली आहे. हस्ताच्या पावसानं ओढा भरून आला तेव्हा सगळ्यांच्या बैलगाड्या अलीकडं थांबल्या आणि आपली गाडी पाण्यातून सरळ पलीकडं गेली. मिलिटरीच्या लिलावातून ही जुनी जीप आणली तेव्हा तिची काय गत होती तुला आठवत असेल. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर पोट टेकायचं, चाकं नुसती गरगर फिरायची, मग बैल जुंपून ओढावी लागायची. लोक हसायचे. आता स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे आणि ट्रकची मोठी चाकं बसवल्यापासून ती एकदाही रुतली नाही. लोक तिला सूर्यभानचा उंट म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. चारठाण्याचा एकजण मुद्दाम बघायला आला होता, त्यालाही त्याच्या गाडीला तशीच चाकं बसवायची आहेत. मी त्याला फाट्यावरच्या किशन मिस्त्रीकडं पाठवलं नाही. परभणीचा पत्ता दिला.

त्यावरून एक गोष्ट तुझ्या कानावर घालतो, म्हणजे तिकडं कोणी विचारलं तर तुला सांगता येईल. इथं भेटेल तो विचारतो, असं कसं झालं. मी सांगतो, मिस्त्रीच्या कामात खोट राहिली. गाडी एवढी उचलल्यावर चढायचं पायदान खाली घ्यायला पाहिजे, ते किशननं घेतलं नाही. शिवाय त्या दिवशी चिखलात तो मध्ये मध्ये करायला लागला, त्या गडबडीत तुझा पाय सरकला. आता होऊन गेलं ते गेलं. नशिबापुढं कोणाचं चालत नाही. मायही तेच म्हणते.

दिवाळीला मी स्वतः न्यायला येतो. चढायची काळजी करू नकोस, मामांच्या बैठकीतली खुर्ची मागून घेऊ, म्हणजे तुला त्रास पडणार नाही. माय म्हणते, मनकर्णा आली की घर घरासारखं दिसंल.

तब्येतीला जप. डॉक्टरनं दिलेलं टॉनिक संपलं असेल तर बन्सीधरला सांगून आणून घे.

तुझा,
सूर्यभान


बोरी शिवार
दि. ३० ऑक्टोबर १९७६

मनकर्णा,

तुझं कार्ड पोचलं. पोस्टमननं ते वाचलेलं असणार, कारण हातात देताना तो माझ्या तोंडाकडं बघत नव्हता. "तुमचं पत्र मिळालं. मी तिथं होते." एवढंच, खाली सही नाही. मायनं विचारलं, काय लिवलंय सूनबाईनं. मी म्हणालो, बरी आहे म्हणून लिहिलंय. मग कार्ड सदऱ्याच्या खिशात घातलं, ते अजून तिथंच आहे.

दिवाळीला मी आलो नाही असं तुला वाटलं असेल. मी आलो होतो. भाऊबीजेच्या सकाळी निघालो, गोदावरीपर्यंत आलो. नदीच्या अलीकडं गाडी उभी केली, घाटावर बाया दिवे सोडत होत्या ते बघत बसलो, आणि माघारी वळलो. घरी सांगितलं की गाडी तापली.

किशनबद्दल मी लिहिलं ते बरोबर नव्हतं. पायदानाचं तुला माहीतच आहे. चाकं बसवली त्या संध्याकाळी तू बाहेर येऊन गाडीला फेरी मारलीस आणि विचारलंस, "मी हिच्यात चढू कशी?" मी म्हणालो, "तुला कशाला चढायचंय, तू घर सांभाळ." किशन तिथंच हात पुसत उभा होता. तेव्हा मला विनोद केल्यासारखं वाटलं होतं. पायदान खाली घे म्हणून मी त्याला सांगितलंच नाही. उंच गाडीला उंच पायदानच शोभतं असं मला वाटायचं.

आणि तो मध्ये मध्ये करत नव्हता. तुला कळा आल्या, दिवस तर भरले नव्हते. पावसानं अंगणात घोट्याएवढा चिखल झाला होता. ओढ्यात गाडी अडली तर माणूस हाताशी असावा म्हणून मीच सालगड्याला पाठवून त्याला बोलावून घेतलं होतं. तो काम टाकून आला. तुला चढता येईना तेव्हा तो चिखलात एक गुडघा टेकून बसला आणि म्हणाला, "वैनी, हितं पाय द्या, माझ्या खांद्याला धरा. पडू देत न्हाई मी तुमाला."

मायनं नको म्हटलं. "तू सरक बाजूला, किसना. आरं, ते खोकं आना कुनीतरी." किशन बौद्ध आहे आणि मायच्या मनात जुन्या गोष्टी अजून तशाच आहेत, तू घरात तीन वर्षं काढलीस, तुला मी काय सांगू. मायचा शब्द मी कसा मोडणार होतो? तशात गाडीचा सेल्फ बिघडलेला. इंजिन बंद पडलं असतं तर त्या चिखलात ढकलून सुरू झालं नसतं. माझा पाय अॅक्सिलेटरवर होता, तो काढला असता तर सगळंच बसलं असतं. तू माझ्याकडं पाहिलंस हे मला माहीत आहे. मी त्या वेळी ऑइलचा काटा बघत होतो.

माय जुन्या वळणाची बाई आहे. तिला माफ कर. ती तोंडानं बोलून दाखवत नाही, पण तिच्याही जिवाला लागलेलं आहे. हल्ली ती तुझ्या खोलीत झाडून घेते आणि दार लोटून बाहेर येते.

किशनच्या शेडवर हल्ली गर्दी नसते. लोक ट्रॅक्टरसुद्धा जिंतूरला नेतात. "ज्याच्या हातच्या कामानं बाई पडली त्याच्याकडं कशाला" असं एकदा माझ्यासमोर कोणीतरी बोललं. मी तंबाखू मळत बसलो.

तू कार्डावर आणखी चार ओळी लिहिल्या असत्यास तर बरं झालं असतं. रागाच्या का असेनात.

सूर्यभान


बोरी शिवार
दि. २८ नोव्हेंबर १९७६

मनकर्णा,

या पत्रात ख्यालीखुशाली लिहीत नाही. मागच्या दोन पत्रांत ती लिहिली, आणि तिच्याआड लपून बाकीचं लिहिलं.

मागच्या आठवड्यात एका सकाळी जेवायला बसलो होतो. मायनं भाकरी वाढताना विचारलं, सूनबाईला आनायला कवा जायचं. माझा तोल गेला. मी म्हणालो, "तुझ्यामुळं माझा संसार मोडला. त्या दिवशी तू आडवी आली नसतीस तर लेकरू जगलं असतं." पार्वतीकाकू चुलीपाशी बसली होती, तिच्यादेखत बोललो.

मला वाटलं माय रडेल, नाहीतर शिव्या देईल. ती तव्यावरची भाकरी उलटून शांतपणे माझ्याकडं वळली.

"मी न्हाई म्हणले, खरं हाय," ती म्हणाली. "पन माझ्या न्हाईला तू कवा जुमानलंस रे? गाडी घिऊ नको म्हणले, घेतलीस. तिला उंटावानी करू नको म्हणले तर हसलास मला. तुझा बाप गेल्यापासून माझं एक आयकलं न्हाईस. मंग त्याच टायमाला कसं काय आयकलंस?"

ताट सरकवून उठलो आणि वावरात गेलो. दिवसभर वेचणीच्या बायांमागं नुसता हिंडत राहिलो. एक बाई म्हणाली, मालक आज काय हरवलं.

मनकर्णा, मायचा प्रश्न बरोबर होता. आणि त्याचं उत्तर मला त्या दिवसापासून माहीत होतं.

किशन आणि मी बोरीच्या शाळेत एका पट्टीवर बसलो. त्याच्या फडक्यातली भाकरी मी खाल्ली आहे, फक्त घरी कधी सांगितलं नाही. तो औरंगाबादला काम शिकून आला, फाट्यावर शेड टाकलं, तेव्हा नारळ मी फोडला. गाडीला मोठी चाकं बसवायची म्हणून आम्ही दोघांनी काय खटाटोप केला तू पाहिलास. ट्रकच्या रिमची भोकं आपल्या गाडीला जुळेनात, तेव्हा परभणीच्या वर्कशॉपात जुन्या चाकांचा मधला भाग कापून मोठ्या रिममध्ये जोडून आणला. पाटे वाढवले, ठोकळे घातले, लांब बोल्ट आवळले. एका पोत्यावर दोघं उताणे पडून गाडीखाली काम करायचो, त्याच्या अंगावरचं ग्रीस माझ्या अंगाला लागायचं. चाकं वळवली की टायर मडगार्डला घासत होते, म्हणून मडगार्ड कापले. पत्रा त्यानं धरला, छन्नी मी चालवली. पहिल्यांदा वर बसून गाडी बाहेर काढली तेव्हा कुंपणापलीकडचं शिवार दिसलं. आपण दोघं राजे झालो असं मी त्याला म्हणालो होतो. मला खरंच वाटायचं की मी मायसारखा नाही. मायच्या वेळचं सगळं मी मागं टाकलं आहे.

आणि तू त्याच्या खांद्याकडं हात नेलास. अंगणात पार्वतीकाकू होती, आपला सालगडी होता, बाजूच्या आखाड्यावरचे लोक पावसात घोंगड्या घेऊन उभे होते. सगळे बघत होते. माझ्या बायकोचा हात त्याच्या खांद्यावर पडणार, तिचा पाय त्याच्या मांडीवर पडणार, आणि हे लोक उद्या बोरीच्या बाजारात सांगणार. माझ्या पोटात जे आलं तेच मायच्या तोंडून बाहेर पडलं. तिनं नको म्हटलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मला बोलावं लागलं नाही.

ऑइलचा काटा मी बघत नव्हतो. तो काटा लिलावातून गाडी आणली तेव्हापासून बंद आहे. तू हात तसाच अधांतरी धरून माझ्याकडं बघत होतीस, मी हो म्हणायची वाट बघत होतीस. मी समोरच्या काचेतून पाऊस बघत राहिलो. मग तू हात मागं घेतलास.

आणि अॅक्सिलेटरचं जे लिहिलं ते तर लहान पोरालाही पटणार नाही. किशनला गाडी माझ्याहून चांगली येते. त्याला वर बसवून मी खाली उतरायचं होतं. गुडघा मी टेकायचा होता. एवढंच करायचं होतं, आणि ते मला कोणी सुचवायची गरज नव्हती.

खोकं चिखलात एका अंगानं रुतलं. तू दाराची कडी धरली होतीस, ती हातातून निसटली, आणि तू चाकावर पोटानं आदळलीस. रबरावर नाही, मधल्या लोखंडावर, जिथं बोल्टांची टोकं बाहेर येतात. इंजिन चालू असतानाही तो आवाज मला आत ऐकू आला. तेव्हा मी उतरलो. तेव्हा सगळेच धावले. किशननं तुला खांद्याकडून उचललं, मी पायाकडून, आणि माय स्वतः म्हणत होती, "बिगी बिगी, किसना, डोस्कं सांभाळ तिचं." त्यानं तुला हात लावला म्हणून कोणी एक शब्द काढला नाही. परभणीपर्यंत तो मागं उघड्यावर भिजत आला. ओढ्यात गाडी हेलपाटली तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात उतरून तो पुढं वाट दाखवत चालला होता, हे तुला कळलं नसेल, तू शुद्धीत नव्हतीस.

आणि महिन्याभरात मी त्याच्याच नावानं लोकांना सांगत सुटलो. तुलाही तेच लिहिलं, जिला सगळं माहीत होतं तिला.

मायशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फाट्यावर गेलो. किशन पाने आणि हातोड्या पोत्यात भरत होता. शेडवरचे पत्रे उतरवून भिंतीला लावले होते. मी म्हणालो, "चाकं उतरवायचीत."

"दुसरीकडं उतरवा," तो म्हणाला.

"कुठं निघालास?"

"नांदेडला. मेव्हण्याच्या वर्कशॉपात."

मग म्हणालो, "किशन, मी लोकांना खोटं सांगितलं. माझं चुकलं."

त्यानं पोत्याचं तोंड बांधलं. शाळेपासून तो मला एकेरीत बोलतो, चारचौघांत फक्त भाऊ म्हणतो. तिथं आम्ही दोघंच होतो, तरी म्हणाला, "सूर्यभानराव, मला कशाला सांगायलाव? मी व्हतो की तिथं. जे नव्हते त्यांना सांगा."

त्याच्या तोंडून तुझ्या कार्डातलेच शब्द आले. त्यानं तुझं कार्ड पाहिलेलं नाही.

त्याची बायको तानुबाई सामान काढत होती. तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "वैनी कशा हायत आता?" मी काय सांगू, मला माहीत नव्हतं. बरी आहे म्हणालो. ती आत गेली.

मी समोरच्या हॉटेलात गेलो. बाजाराचा दिवस होता, बाकडी भरलेली होती. मी उभा राहून सांगितलं की मिस्त्रीच्या कामात काही खोट नव्हती, तो माझ्या बायकोला हात द्यायला आला होता, आम्ही घरच्यांनी तो घेऊ दिला नाही, म्हणून ती पडली. आम्ही नाही, मी. दोनदा सांगितलं. मग एकजण म्हणाला, "मालक, कशाला उकरून काढायलाव. झालं ते झालं." दुसरा म्हणाला, "तुमच्या मायचं, सरजाबाईचं तरी काय चुकलं मंग? रीतच हाय ती." आणि तिसऱ्यानं कापसाच्या भावाचं काढलं. मला वाटलं होतं, सांगितल्यावर लोक थुंकतील, नाहीतर मला तरी हलकं वाटेल. दोन्हीतलं काही झालं नाही. त्यांना ते वाईट वाटण्यासारखंच वाटलं नाही. मी त्यांच्यातलाच आहे, हे मला तिथं उभ्या उभ्या दिसलं, आणि त्याची शरम खोटं बोलल्याच्या शरमेहून मोठी होती.

रस्त्याच्या पलीकडं किशन सगळं ऐकत होता. त्यानं ट्रकवाल्याला हात केला, सामान चढवलं आणि तो गेला. मी सांगितल्यानं तो थांबला नाही. थांबावं असं मी त्याला म्हणूही शकलो नाही.

चाकं मी एकट्यानं उतरवली. जॅक काळ्या मातीत रुतत होता, त्याखाली फरशी घातली. बोल्टांना गंज चढलेला, पाना निसटून हाताची सालटी निघाली. ठोकळे काढून पाटे पहिल्यासारखे बसवले, जुन्या गाड्या विकणाऱ्याकडून लहान चाकं आणून लावली. मडगार्ड मात्र कापलेले तसेच राहिले, ते आता जुळत नाहीत. त्या मोठ्या कापलेल्या भोकात लहान चाकं बघवत नाहीत. गाडी परत चाकोरीत टेकते, लोक परत हसतात. हे तुला खूश करायला सांगत नाही. उशिरा केलेल्या कामाचं काय सांगायचं. पण या गाडीबद्दलचं शेवटचं तुला माझ्याकडूनच कळावं.

बन्सीधरनं निरोप धाडला की तुझं शिलाईचं मशीन आणि कपड्यांची पेटी पाठवून द्या. माय म्हणाली पाठवू नको, मशीन गेलं की मनकर्णा गेलीच. मी दोन्ही पाठवतो आहे, या पत्रासोबत. मशीनला तेल दिलं आहे. पेटी मी उघडली नाही.

तू परत ये असं लिहायला मला तोंड नाही. कधी यावंसं वाटलं तर घर आहे. नाही वाटलं तर मामांपुढं, पंचांपुढं, कुठंही मी सांगेन की दोष तुझा नव्हता. मायचंही नाव घेणार नाही.

आता जे तुला कोणीच सांगितलं नाही ते सांगतो. मी कितीदा कागद घेऊन बसलो आणि हेच टाळलं.

मुलगी होती. परभणीच्या दवाखान्यात नर्सनं कापडात गुंडाळून माझ्या हातात दिली. तू पलीकडं ग्लानीत होतीस, माय आणि काकू तुझ्यापाशी होत्या. माय म्हणाली, तिला काही सांगू नका, पोटात धक्का बसंल. मी ते लगेच मान्य केलं, कारण सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतंच. सकाळी मी आणि किशन तिला घेऊन निघालो. मी गाडी चालवत होतो म्हणून ती किशनच्या मांडीवर होती. बोरीपर्यंत तो तिच्यावर हात ठेवून बसला होता, रस्त्यात खड्डा आला की हात घट्ट करायचा. आपल्या खालच्या वावरात ओढ्याच्या काठी दोन हिवरांची झाडं आहेत, त्यांच्या मध्ये आम्ही खड्डा घेतला. मला तिला खाली ठेवता येईना. त्यानंच ठेवलं, माती त्यानंच लोटली, वर दगड रचले.

मी तिचं तोंड पाहिलं नाही. कापड बाजूला करायची माझी हिंमत झाली नाही. किशननं पाहिलं. तो म्हणाला, "वैनीवर गेलीय. कपाळ तसंच हाय." हे तुला त्याच्याकडून ऐकायला मिळायला पाहिजे होतं. तो गेला, म्हणून मी लिहितो.

तुला तिथं यावंसं वाटलं तर ये. बसनं आलीस तर फाट्याच्या पुढच्या पुलाशी उतर, ओढ्याच्या काठानं पायवाट आहे. आखाड्यावरून यावं लागत नाही, कोणाला विचारावं लागत नाही. मला कळवायची गरज नाही. मी वावरात असलो आणि तू लांबून दिसलीस, तर तू जाईपर्यंत मी तिथंच बांधावर थांबेन, जवळ येणार नाही. तुला जेवढा वेळ बसायचं तेवढा बस.

तुझ्या पाया पडतो.

सूर्यभान